दोनशे चाळीस

मंडळाचा स्पीकर फुटला, त्यातून निघालं काळं कडं.
त्याला सुतळी बांधून
मी उद्यमनगरभर फिरायचे,
कुत्रं फिरवावं तशी.
लेथच्या दारातून उडालेला कीस
धावत यायचा,
चुंबकाला केस फुटायचे.
पोरं ओरडायची, आली बघ चुंबकी!

बोटांत कुसं रुतायची.
आई रात्री खानावळीतून यायची,
हाताला खोबऱ्या-तिळाचा वास,
डब्यात पांढरा रस्सा, मटण सोडून सगळं असलेला.
सुईनं एकेक कूस काढताना विचारायची,
आज किती भरलं?
दोन किलो.
दोनच कसं? पिशवी तर जड हुती.

तो प्रश्न मी दप्तरात घातला.

शाळेत खिचडीच्या तांदळाला काटा होता.
घस्ते बाईंनी पिशवी ठेवू दिली.
दोन किलो दोनशे चाळीस.
तीच पिशवी भाऊसोच्या दुकानात
बरोब्बर दोन.
'काटा खोटा हाय,' मी म्हणाले.
'काटा खराय पोरी,' भाऊसो हसला, 'वजन माजं हाय.
पटत न्हाई तर दुसरीकडं घाल.'
दुसरीकडंही तेच वजन होतं,
फक्त मिशा वेगळ्या.

जिद्द वगैरे लोक पुढं म्हणाले,
शाल अंगावर टाकताना.
माझ्याकडं राग होता, एवढाच.
तो मी रॉकेलसारखा पुरवला,
वात खाली करून.
त्यावर दहावी निघाली, बारावी निघाली,
राजाराम कॉलेजातलं भौतिकशास्त्र,
दिवसपाळीला गिअरच्या कारखान्यात
मायक्रोमीटर धरून उभं राहणं.
पहिल्या खेपेला परीक्षा तीन गुणांनी गेली,
दुसऱ्या खेपेला अकरांनी.
मी उलटीच चालले होते.
आई म्हणाली,
जत्रंतला पाळणा मागं जातोय म्हणून
कोण मधीच उतरतं व्हय?

तिसऱ्या यादीत होतं:
सनदी छाया हिंदुराव. वैधमापन निरीक्षक.
म्हणजे काय गं?
वजनं तपासायची, आई.
तिनं पातेलं घासायचं थांबवलं.
मग त्याच्याकडं कवा जातीस?

गेले.
सोबत शिपाई, पेटीत प्रमाण वजनं,
मखमलीत झोपवलेली.
भाऊसो वाळलेले, डोळ्यात मोतीबिंदू,
पुढ्यात नवा इलेक्ट्रॉनिक काटा.
पाच ठेवलं: पाच.
दहा ठेवलं: दहा.
उचललं: शून्य.
एवढ्या लांबून वागवत आणलेला राग
ठेवायला दुकानात जागाच नव्हती.

दाराला मात्र टेकू होता,
षटकोनी, लोखंडी, पाठीवर दोनचा आकडा,
बुडाला शिसं.
मी उचललं, आणि हाताला कळलं.
काट्यावर ठेवलं.
लाल आकडे थरथरले, थांबले.
'जुनं हाय मॅडम, कोण वापरतंय आता?
वाऱ्यानं दार आपटतंय म्हणून.'

आठवड्याला तीन खेपा, चार वर्षं.
मनातल्या मनात गुणाकार केला:
दीडशे किलोला दोनशे चाळीस ग्रॅम कमी.
आई आणि मी, तेव्हा दोघी मिळून
एवढ्या भरलो नसतो.

नाव सांगावं का?
ओठापर्यंत आलं.
शिपाई म्हणाला, मॅडम, पुढचं दुकान?
जप्तीच्या कागदावर लिहिलं: वजन, नग एक.
भाऊसोंनी चाचपत सही केली,
ओळीच्या बाहेर गेलेली.
'च्या घ्या की,' म्हणाले.
नको म्हटलं. बाहेर पडले
आणि मागं दार धाडकन आपटलं.

रस्त्यावर अजून नजर खालीच असते माझी.
कीस आता दिसत नाही,
ठेकेदार पोत्यानं नेतो.

रात्री आईला सगळं सांगितलं, आकड्यांसकट.
ती बराच वेळ गप्प.
सुई शोधल्यासारखी माझी बोटं चाचपत राहिली.
मग म्हणाली,
म्हातारं माणूस, दार आपटत बसंल रातभर.
एक वीट तरी ठेवून यायचीस.